मागणी कोणाची, सही कोणाची?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या पंधरवड्यात आपल्या वाचकपत्रांच्या सदरात फुटबॉलवर चार पत्रे छापून आली. तीन म्हापशाकडची, एक फोंड्याचे. चौघांचेही म्हणणे एकच, कोचला घालवा. फोंड्याच्या गृहस्थांनी तर कोचचे विमानाचे तिकीट स्वखर्चाने काढून देण्याची तयारी दाखवली आहे. त्यांच्या औदार्याला माझा नमस्कार. पण चारही पत्रे दोनदा वाचूनसुद्धा मला एक गोष्ट सापडली नाही. ज्या खेळाडूंवर ही मंडळी चिडली आहेत, ते क्लबमध्ये आणले कोणी? कोचने मागितले म्हणून आले, की आधी आणून ठेवले आणि मग कोचला सांगितले, घे, आता यांच्याकडून खेळवून घे?

मी डिचोली तालुक्यातला. खाणीवर ३४ वर्षे स्टोअर्समध्ये काढली आणि त्यातली २२ वर्षे गावच्या क्लबचा सेक्रेटरी होतो. म्हणजे दिवसा नट-बोल्टांचा हिशेब आणि संध्याकाळी खेळाडूंचा. आज वय ७१ आहे, तरी मडगावच्या फातोर्डा स्टेडियमच्या पायऱ्या चढण्याइतके गुडघे शाबूत आहेत. कोच, खेळाडू आणि खरेदी या तीन गोष्टींवर दोन शब्द बोलायचा अधिकार मला आहे असे मी समजतो. या विषयात एक पापही माझ्या नावावर आहे, ते पुढे सांगतो.

आधी शब्दांचा घोळ निस्तरू. आपल्याकडे क्रीडा संचालक म्हटले की लोकांना कांपालचे सरकारी ऑफिस आठवते, आणि ट्रान्सफर म्हटले की मडगावहून उचलून सत्तरीत टाकलेला मास्तर. म्हणून मी सरळ स्पोर्टिंग डायरेक्टरच म्हणतो. हा माणूस खेळाडू हेरतो, एजंटांशी बोलतो, कराराचे आकडे ठरवतो, कोणाला ठेवायचे आणि कोणाला विकायचे ते बघतो. सराव घेणे आणि अकरा जण निवडणे हे कोचचे काम. जर्मनीत ही वाटणी फार जुनी आहे. उली हेनेस १९७९ मध्ये बायर्न म्युनिकचा मॅनेजर झाला तेव्हा २७ वर्षांचा होता, आणि तो मॅनेजर असला तरी संघाला पळवणारा माणूस दुसराच असे. मिखाएल झॉर्कने १९९८ ते २०२२ डॉर्टमुंडची खरेदी-विक्री सांभाळली. तेवढ्या काळात तिथे कोच किती आले आणि गेले ते मोजायला दोन्ही हातांची बोटे पुरत नाहीत. इटलीत तर स्पोर्टिंग डायरेक्टर व्हायचे म्हणजे फ्लॉरेन्सजवळ कोवेरचानोला अभ्यासक्रम करून परवाना घ्यावा लागतो.

इंग्लंडात मात्र मॅनेजर म्हणजे घरचा कर्ता, सरावही त्याचा आणि खरेदीही त्याचीच. अ‍ॅलेक्स फर्ग्युसनने मँचेस्टर युनायटेडमध्ये साडेसव्वीस वर्षे तसा संसार केला. कर्त्याच्याही चुका होतात. २०१० मध्ये त्याने पोर्तुगालचा बेबे सुमारे ७४ लाख पौंड मोजून घेतला आणि घेण्यापूर्वी आपण त्याला खेळताना पाहिलेच नव्हते, असे स्वतःच सांगून टाकले. बेबे काही चालला नाही. पण तिथे सही कोणाची हा प्रश्न पडत नव्हता. क्लबमध्ये पेन एकच होते.

पेने दोन झाली की काय होते ते २००८ च्या सप्टेंबरात दिसले. न्यूकॅसलला केव्हिन कीगन मॅनेजर होता आणि त्याच्या डोक्यावर डेनिस वाइज, फुटबॉलचा एक्झिक्युटिव्ह डायरेक्टर. क्लबने व्हॅलेन्सियाकडून इग्नासिओ गोन्झालेस नावाचा उरुग्वेचा खेळाडू उसना घ्यायचे ठरवले. कीगनने त्याचे नावही ऐकले नव्हते. त्याला सांगण्यात आले, यूट्यूबवर बघ. त्याने बघितले, नको म्हणाला, तरी खेळाडू आला. कीगनने ४ सप्टेंबरला राजीनामा दिला. आदल्याच दिवशी लंडनमध्ये वेस्ट हॅमचा अ‍ॅलन कर्बिश्ली घरी गेला होता. त्याचे दुखणे उलटे होते. त्याचे दोन बचावपटू त्याच्या संमतीशिवाय संडरलँडला विकले होते.

दोघे लवादाकडे गेले आणि दोघे जिंकले. कीगनला २० लाख पौंड मिळाले. न्यूकॅसलच्या निकालात असे निघाले की तो उरुग्वेचा खेळाडू दक्षिण अमेरिकेतल्या दोन एजंटांची मर्जी राखण्यासाठी घेतला होता. आणि आणखी एक गोष्ट निघाली. खेळाडूंच्या बाबतीत शेवटचा शब्द मॅनेजरचाच, असे क्लब महिनोन्महिने वर्तमानपत्रांना सांगत होता. ते खरे नव्हते हे क्लबने लवादापुढे कबूल केले.

मला त्या २० लाखांपेक्षा ही कबुली जास्त झोंबली. लोकांसमोर कोचचे नाव पुढे करायचे आणि आतल्या खोलीत सही दुसऱ्याने करायची, ही रीत काही फक्त साहेबाच्या देशातली नाही. नवा खेळाडू येतो तेव्हा स्कार्फ धरून काढलेल्या फोटोत सगळे असतात. तोच खेळाडू सहा सामन्यांत गोल करत नाही तेव्हा फोटोत एकटा कोच उरतो.

आता माझ्या स्टोअर्सचे सांगतो. खाणीवर पावसाळ्यात उत्खनन बंद असायचे, तेव्हा डंपर आणि लोडर वर्कशॉपमध्ये उघडून पडलेले असत. फोरमनला काही हवे असले तर तो इंडेंट लिहायचा, तीन प्रतींत, मध्ये कार्बन घालून. काय हवे, कुठल्या यंत्राला, केवढ्या मापाचे, कधीपर्यंत. खाली त्याची सही. मग तो कागद पणजीला पर्चेसकडे जायचा. कुठल्या व्यापाऱ्याकडून घ्यायचे, भाव काय, उधारी किती दिवसांची, हे पर्चेसवाल्याचे राज्य. फोरमनने तिथे नाक खुपसायचे नाही. पण माल आला की तो थेट यंत्राला बसत नसे. आधी माझ्या काउंटरवर यायचा, फोरमनला बोलवायचो, तो माल हातात घेऊन फिरवून बघायचा आणि मगच 'स्वीकारला' म्हणून सही करायचा. नको असेल तर 'नाकारला' लिहायचा. त्या एका शब्दापुढे पर्चेसच्या साहेबाचेही चालत नसे.

एका वर्षी हायड्रॉलिकचे पाइप आले. इंडेंटवर एका मापाचे होते, आले दुसरे. पर्चेसने कागदावर 'समतुल्य' लिहून पाठवले होते. फोरमन नाही म्हणाला. वरून फोन आला, घे, सीझन तोंडावर आहे. त्याने घेतले, पण सही करताना खाली लिहिले, 'सूचनेवरून स्वीकारला'. दिवाळीनंतर तिसऱ्या आठवड्यात पाइप फुटला, डंपर चढावावर अडकला, अर्धा दिवस रस्ता बंद. चौकशी लागली तेव्हा सगळ्यांनी फोरमनकडे बोट दाखवले. मी कपाटातून ती तिसरी, निळी प्रत काढून दिली. त्या दोन शब्दांनी त्या माणसाची नोकरी वाचवली. कागद बोलका असतो, फक्त तो आधी लिहिलेला असावा लागतो.

फुटबॉल क्लबमध्ये हीच निळी प्रत नसते.

पूर्वी आमच्या गोव्यात तिची गरजही कमी भासायची. आर्मांद कुलासो धेंपो या गोव्याच्या क्लबचा कोच म्हणून एका तपाहून अधिक काळ राहिला. २००५ ते २०१२ या काळात धेंपोने पाच वेळा राष्ट्रीय लीग जिंकली. रँटी मार्टिन्स, बेटो, महेश गवळी, समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा ही नावे आमच्या तिठ्यावर पोरे पाढ्यासारखी म्हणायची. कोणाला आणायचे हे कोण कोणाला विचारून ठरवत होते ते आम्हा बाहेरच्यांना कधी कळले नाही. पण मालक तोच, कोच तोच, त्यामुळे चूक झाली तर ती घरातच राहायची आणि पुढच्या वर्षी तोच माणूस ती निस्तरायचा. साळगावकर क्लबने १९९९ मध्ये लीग जिंकली, पुन्हा २०११ मध्ये जिंकली, चर्चिल ब्रदर्सने दोनदा जिंकली. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे तिन्ही क्लब आय-लीगमधून, म्हणजे त्याच राष्ट्रीय लीगमधून, बाहेर पडले आणि तो काळ संपला.

इंडियन सुपर लीगमध्ये, म्हणजे आयएसएलमध्ये, कोच दोन-अडीच वर्षे टिकला तरी पुष्कळ. एफसी गोवाचेच बघा. २०१७ मध्ये सर्जिओ लोबेरा आला, त्याच्याबरोबर बहुतेक नवा संघ आला. कोरो या फॉरवर्डने पहिल्या मोसमात १८ गोल केले, दुसऱ्यात १६. आम्ही डिचोलीहून टेम्पो करून फातोर्ड्याला जायचो ते दिवस मी विसरणार नाही. २०२० च्या जानेवारीअखेर संघ गुणतक्त्यात वर असताना लोबेराला काढले. क्लिफर्ड मिरांडाने उरलेले सामने सांभाळले आणि गुणतक्त्यात पहिल्या आलेल्या संघाची लीग शील्ड गोव्याने जिंकली. पुढे लोबेरा मुंबई सिटीत गेला. त्याच वर्षी हुगो बुमूस, मुर्तादा फॉल, अहमद जाहू आणि आपला मंदार राव देसाई हेही मुंबईत. पुढचा मोसम कोरोनामुळे सगळा गोव्यातच, रिकाम्या स्टेडियममध्ये झाला. उपांत्य फेरीत मुंबईने एफसी गोवाला पेनल्टींवर हरवले, आणि फातोर्ड्यावरच कप उचलला. मी घरी टीव्हीसमोर बसलो होतो. आमचेच माजी कोच, आमचेच माजी खेळाडू, आमचेच मैदान, आणि आत जायला आम्हालाच बंदी.

यात कोणाची लबाडी होती असे मी म्हणत नाही. खेळाडू मोकळे असतात, करारात कलमे असतात. मला दिसते ते एवढेच, की जो संघ एका कोचच्या मापाने शिवला, तो कोच गेला की सैल पडतो किंवा त्याच्या मागून निघून जातो. २०२१ च्या डिसेंबरात हुआन फेरांडो भर मोसमात एटीके मोहन बागानला गेला. त्यांनी करारातल्या कलमाप्रमाणे पैसे भरून त्याला नेले. त्याच फेरांडोने त्याआधी ड्युरँड कप आणून दिला होता आणि आशियातल्या क्लबांच्या एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटात तीन सामने बरोबरीत सोडवले होते. तो गेला, त्याच्या पद्धतीने खेळायला आणलेली पोरे मागे राहिली, आणि मोसमाअखेर संघ अकरात नववा.

म्हणून माझे मत आहे की खेळाडूचे नाव ठरवणे हे कोचच्या हाती सोपवू नये. ही गोष्ट कोचच्या बाजूने लिहिणाऱ्याने म्हणावी याचे आपल्याला नवल वाटेल. पण हिशेब सरळ आहे. खेळाडूचा करार तीन-चार वर्षांचा, कोचचा जीव एका मोसमाचा. चौथ्या वर्षी जो क्लबमध्ये असणार आहे त्याने नाव निवडावे. मँचेस्टर युनायटेडने २०२२ मध्ये एरिक टेन हागच्या भरवशावर त्याच्या जुन्या आयॅक्स क्लबमधून अँटनीला आणले, किंमत साडेनऊ कोटी युरोंच्या घरात. २०२४ मध्ये टेन हाग गेला. तो बोजा मागच्यांनी वाहिला. चेल्सीची गंमत याहून भारी. तिथे २०२२ च्या उन्हाळ्यात नवे मालक टॉड बोएली स्वतःच हंगामी स्पोर्टिंग डायरेक्टर होऊन बसले होते. थॉमस टुखेल डॉर्टमुंडला असताना त्याच्या हाताखाली खेळलेला ओबामेयांग खिडकी, म्हणजे खरेदी-विक्रीची मुदत, बंद होता होता आणला, आणि एका आठवड्याच्या आत टुखेललाच काढले. जावयासाठी म्हणून त्याची आवड ओळखून बाजार आणायचा, पाटावर बसायच्या आधी जावयालाच दाराबाहेर काढायचे, अशातली गत.

आपल्याकडे तर चूक आणखी महाग पडते. आयएसएलमध्ये परदेशी खेळाडू सहा घेता येतात, मैदानावर एका वेळी चार. एक चुकीचा निघाला की सहातली एक जागा मोसमभर कुजली. इंग्लंडात तीस खेळाडूंच्या गर्दीत एक फसलेला झाकून जातो. आपल्याकडे तो रोज संध्याकाळी साडेसातला टीव्हीवर दिसतो.

आता माझे पाप. २००७ साल. आमचा क्लब गोवा फुटबॉल असोसिएशनच्या खालच्या डिव्हिजनमध्ये खेळायचा. अध्यक्षांच्या मालकीचे खनिज वाहणारे सतरा टिपर होते, देणगी त्यांची, शब्दही त्यांचा. कोच साष्टीचा, मोठ्या क्लबमध्ये खेळलेला, वयाने माझ्याएवढाच. मडगावहून पणजी, पणजीहून डिचोली अशी कदंब बसची दोन तिकिटे काढून आठवड्यातून चार दिवस यायचा. मी त्याला कोचबाब म्हणायचो, तो मला सेक्रेटरीबाब. चवथीच्या आधी सायनिंगचे दिवस आले तेव्हा मी विचारले, काय हवे? त्याच्याकडे कागद नव्हता. आमच्या टुर्नामेंटचे देणगी कुपन खिशात होते, त्याच्या पाठीवर त्याने लिहिले: लेफ्ट बॅक (डावीकडचा बचावपटू) एक, उंच स्टॉपर (मधला बचावपटू) एक, फॉरवर्ड नको. आणि वर तोंडानेही सांगितले, "सेक्रेटरीबाब, म्हाका फॉरवर्ड नाका. म्हाका लेफ्ट बॅक जाय." लेफ्ट बॅक कोण तेही त्याने हेरून ठेवले होते. शेजारच्या गावातला, गॅरेजमध्ये काम करणारा पोरगा. सात हजार रुपये आणि एक बुटांची जोडी, एवढ्यावर तो यायला तयार होता.

अध्यक्षांना मात्र फॉरवर्ड हवा होता. बॅनरवर फोटो फॉरवर्डचा शोभतो, लेफ्ट बॅकचा फोटो कोण लावणार? एका ओळखीच्या माणसाने नाव सुचवले. किनाऱ्याकडचा, दोन वर्षांपूर्वीपर्यंत मोठ्या क्लबच्या राखीव संघात असलेला. पंचवीस हजार आणि रोजचे पेट्रोल. मी आणि अध्यक्ष त्याच्या घरी गेलो, चहा घेतला, सही घेतली. मी गुडघा बघितला नाही. गुडघ्यावर पट्टी होती आणि ती मला दिसली होती, पण मी काही विचारले नाही, कारण अध्यक्ष खूश होते. माझ्या काउंटरवर असा माल आला असता तर मी फोरमनला हाक मारल्याशिवाय आत घेतला नसता.

पहिल्या सरावाला कोच आला, नव्या माणसाला धावताना बघितले आणि मला बाजूला घेऊन एकच विचारले, "हो कोणें हाडला?" म्हणजे, हा कोणी आणला? मी म्हणालो, कमिटीने. कमिटी म्हणजे कोण, हे त्याने विचारले नाही. त्याने त्या फॉरवर्डला खेळवले, कारण न खेळवावे तर गावात बोंब. डाव्या बगलेतून गोल खात खात आम्ही नाताळपर्यंत तळाला गेलो. पेट्रोलच्या पावत्या मात्र नियमित येत होत्या. जानेवारीत कमिटीची बैठक झाली, कोचला काढायचे ठरले. पत्र मी लिहिले. 'संघाच्या असमाधानकारक कामगिरीमुळे' अशी सुरुवात होती. भाषा मला चांगली जमते असे सगळे म्हणाले.

कोच ते पत्र घ्यायला स्वतः आला. वाचले, घडी करून खिशात ठेवले, गोलकीपरच्या पोराला दोन गोष्टी समजावून सांगितल्या आणि साडेसहाची बस पकडून गेला. एक शब्दही बोलला नाही. तो गॅरेजवाला पोरगा त्या वर्षी दुसऱ्या क्लबकडून आमच्याविरुद्ध खेळला. त्याने गोल केला नाही, पण आमच्या उजव्या विंगरला त्या दिवशी चेंडूही बघू दिला नाही.

खाणी २०१२ मध्ये बंद पडल्या तेव्हा टिपर घरापुढे उभे राहिले, देणग्या आटल्या, मीही सेक्रेटरीपद सोडले. तेव्हापासून परदेशातल्या क्लबांच्या खरेदीचे वाचायचा नाद लागला. नातू मोबाइलवर काढून देतो, मी वाचतो. लिव्हरपूलचे वाचले तेव्हा मला आमची कमिटी आठवली. ब्रेंडन रॉजर्स २०१२ मध्ये आला तो डायरेक्टरच्या हाताखाली काम करणार नाही असे सांगून. मग क्लबने डायरेक्टरऐवजी एक समितीच केली. समितीत कोणाचे बोट कोणाच्या दिशेने हे कधी कळत नाही. २०१५ च्या उन्हाळ्यात बेंटेके आला तो रॉजर्सच्या इच्छेने आणि फर्मिनो आला तो समितीच्या, असे तेव्हा सगळीकडे छापून आले होते. ऑक्टोबरात रॉजर्स गेला. वर्षभरात बेंटेके विकला गेला, आणि फर्मिनो पुढे रॉजर्सच्या जागी आलेल्या क्लोपच्या संघाचा कणा झाला.

त्याच लिव्हरपूलमध्ये मग मायकेल एडवर्ड्स स्पोर्टिंग डायरेक्टर झाला, २०१६ मध्ये. २०१७ च्या उन्हाळ्यात क्लोपच्या मनात जर्मनीचा ब्रँट होता. एडवर्ड्स आणि त्याचे लोक इजिप्तचा सालाह म्हणत राहिले, शेवटी क्लोप हो म्हणाला. सालाहने पुढे काय केले ते सांगायला नको. मला त्यात आवडली ती क्लोपची रीत. सालाह आपण हेरला असा आव त्याने कधी आणला नाही, आपल्या लोकांनी हट्ट धरला म्हणून तो आला हे त्याने उघड सांगितले. यशाची सहीसुद्धा खऱ्या माणसाच्या नावावर. आमच्याकडे यशाच्या सह्या करायला रांग लागते.

आणि त्याच व्यवहाराचे दुसरे टोक बघा. सालाहला विकणारा रोमाचा डायरेक्टर मोंची. सेव्हियामध्ये याच माणसाने स्वस्तात घेतलेले खेळाडू महाग विकून क्लबला युरोपात मोठे केले, आणि मधल्या काळात कोच बदलत राहिले. रोमात त्याने सालाहला सुमारे ४.२ कोटी युरोंना दिला. क्लबच्या हिशेबाची तारीख ३० जून, त्याआधी पैसे दिसायला हवे होते. आज कोणी म्हणेल मोंची चुकला. पण विकला कोणी, कशासाठी, हे रोमाच्या माणसाला विचारता येत होते, आणि त्याने उत्तरही दिले. २०१९ च्या मार्चमध्ये त्याला जावे लागले. म्हणजे डायरेक्टरचीही मान कापली जाते, हे आपल्या वाचकांना कळावे म्हणून लिहिले.

एक चांगले उदाहरणही देतो. २०२४ मध्ये क्लोप गेला, आर्ने स्लॉट आला. त्या उन्हाळ्यात लगेच खेळण्यासाठी लिव्हरपूलने एकटा किएझा घेतला. तरी पहिल्याच मोसमात स्लॉटने लीग जिंकली. कोच बदलला तरी संघ तोच बसला, कारण कपडे क्लबच्या मापाने शिवलेले होते.

तर माझे मागणे काय? आपल्या गोव्यातल्या क्लबांनी, मोठ्या आणि गावच्याही, प्रत्येक खेळाडूमागे एक इंडेंट ठेवावे. कोचने नाव लिहू नये, काम लिहावे. डाव्या पायाचा, उंच, चेंडू पुढे नेणारा, जे हवे ते. डायरेक्टरने नावे काढावीत आणि त्यातले एक निवडावे. सही करण्यापूर्वी कोचला दाखवावे आणि कोचला 'नाकारला' म्हणण्याचा हक्क असावा. नाकारल्यावरही क्लबला घ्यायचा असेल तर खुशाल घ्यावा, पण मग कागदावर 'सूचनेवरून स्वीकारला' असे लिहू द्यावे. मोसम संपला की ते कागद उघडावेत. विक्रीलाही हेच. ब्रँडन फर्नांडिससारखा मडगावचा पोरगा सात वर्षे खेळून २०२४ मध्ये मुंबईला जातो तेव्हा कोचला तो नको होता, की पैशांचे जमले नाही, की त्यालाच जायचे होते, हे तिकीट काढणाऱ्याला कळले तर क्लबचे काय बिघडते?

क्लब हे करणार नाहीत, असे आपण म्हणाल. एजंट, गुप्तता, करार, वकील, पुष्कळ कारणे देता येतात. मान्य. मग निदान आपल्या क्रीडा प्रतिनिधींनी एक करावे. सामन्यानंतर कोचपुढे माइक धरता, तसा खिडकी बंद झाली की डायरेक्टरपुढेही धरा. हा खेळाडू कोणी मागितला होता, एवढेच विचारा. उत्तर दिले नाही तर 'उत्तर दिले नाही' असे छापा. फोंड्याच्या त्या गृहस्थांनाही माझी विनंती आहे, की तिकिटाचे पैसे तूर्त खिशातच ठेवावेत.

परवा जुने कपाट रिकामे करताना ते देणगी कुपन सापडले. पिवळे पडले आहे, पण कोचचे अक्षर स्पष्ट आहे. पुढच्या बाजूला पहिले बक्षीस स्कूटर असे छापलेले. लागलीच मडगावच्या एका मित्राकडून कोचचा नंबर मिळवून फोन केला. सतरा-अठरा वर्षांनी आवाज ओळखेल की नाही ही धास्ती होती, पण त्याने "सेक्रेटरीबाब" म्हणूनच सुरुवात केली. कुपनाचे सांगितले तेव्हा तो हसला. "तें कुपन तुमी अजून दवरलां?" म्हणजे, अजून ठेवले आहे? मी त्या पत्राबद्दल बोलायला लागलो तर त्याने विषय बदलला आणि त्या गॅरेजवाल्या पोराची चौकशी केली. पोरगा आता स्वतःचे गॅरेज चालवतो आणि रविवारी गावच्या मुलांना शिकवतो, हे ऐकून त्याला बरे वाटले.

कुपनाच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स सोबत जोडली आहे. छापायची गरज नाही, मी बनवून लिहीत नाही एवढे आपल्याला कळावे म्हणून. मूळ प्रत येत्या रविवारी कदंबने मडगावला नेऊन देणार आहे.

आपला,
एका गावच्या क्लबचा माजी सेक्रेटरी,
डिचोली, गोवा